एक नदी, दोन राज्ये आणि एक वाढते शहर



शहर कोण वाढवते? या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा चटकन देतो. कोणी म्हणतो कारखानदार, कोणी म्हणतो सरकार, आणि कोणी नुसतेच म्हणतो की शहर आपोआप वाढते. या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. हे समजून घ्यायला आज मी आपल्याला ऑस्ट्रेलियातल्या एका जोडगावाकडे नेणार आहे. त्याचे नाव ऑल्बरी-वोडोंगा. सिडनी, मेलबर्न ही नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात. हे नाव बहुतेकांनी ऐकलेले नसेल. पण लोकवस्ती वाढवायची ठरवली तर काय साधते आणि काय साधत नाही, याचा इतका उघडा हिशेब क्वचितच कुठे पाहायला मिळतो.

प्रथम जागा समजून घेऊ. मेलबर्नहून ईशान्येकडे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आणि सिडनीहून नैर्ऋत्येकडे साडेपाचशे किलोमीटर गेले की मरे नदी लागते. हा मुलूख मूळचा विराजुरी आणि इतर आदिवासी लोकांचा. १८२४ साली ह्यूम आणि हॉवेल हे दोघे प्रवासी या ठिकाणी नदी ओलांडून गेले, आणि पुढे त्याच उताराच्या आसऱ्याने वस्ती झाली. उत्तर काठावर ऑल्बरी, दक्षिणेकडे वोडोंगा. १८५१ साली व्हिक्टोरिया ही वसाहत न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि नदी ही सरहद्द ठरली. पाणी न्यू साउथ वेल्सचे आणि दक्षिणेचा काठ व्हिक्टोरियाचा, अशी ती वाटणी. १९०१ साली सगळ्या वसाहतींचे मिळून एक राष्ट्र होईपर्यंत या नदीवर मालाची जकात घेतली जात असे.

या वाटणीने काय होते, त्याचा सर्वांत ठळक पुरावा आगगाडीने दिला. न्यू साउथ वेल्सने आपले रूळ एका रुंदीचे घातले, व्हिक्टोरियाने दुसऱ्या. १८८३ साली दोन्ही लोहमार्ग नदीवर एकमेकांना भेटले, पण एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालेना. सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या प्रत्येकाला ऑल्बरीच्या लांबलचक फलाटावर उतरून गाडी बदलावी लागे. मार्क ट्वेन हा अमेरिकन विनोदी लेखक १८९५ साली या मार्गाने गेला आणि या कारभाराची त्याने आपल्या प्रवासवर्णनात चांगलीच थट्टा केली. ही अडचण दूर होऊन सलग गाडी धावू लागली ती १९६२ साली. एकोणऐंशी वर्षे लागली! रूळ एकदा चुकीचे पडले की पिढ्या त्याची किंमत मोजतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता १९७० नंतरच्या काळाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने युरोपातून लाखो माणसे वसाहतीसाठी आणली. वोडोंगाजवळच्या बोनेगिला येथील छावणीतूनच १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांहून अधिक नवागत गेले. पण 'गेले' हाच शब्द खरा. ती माणसे पुढे बहुतेक मोठ्या शहरांत जाऊन राहिली. सिडनी-मेलबर्नच्या कडेला उपनगरांमागून उपनगरे उठली. घरे झाली, अंगणे झाली, दारात मोटार आली. परंतु कित्येक ठिकाणी जमिनीखालचे गटार मात्र आले नाही. सांडपाण्याची व्यवस्था नसलेली नवी उपनगरे हा तेव्हाच्या राजकारणातला मोठा प्रश्न होता. डिसेंबर १९७२ मध्ये पंतप्रधान झालेले गॉफ व्हिटलम हे स्वतः सिडनीच्या पश्चिमेकडील अशाच भागाचे प्रतिनिधी. त्यांनी आणि त्यांचे नगरविकासमंत्री टॉम यूरेन यांनी दोन मार्ग काढले: आहेत त्या उपनगरांना गटारे द्यावयाची, आणि नवी माणसे दुसरीकडे वळवावयाची. या दुसऱ्या मार्गाचे पहिले नाव ऑल्बरी-वोडोंगा. केंद्र सरकार आणि दोन्ही राज्ये यांनी मिळून १९७३ साली विकास महामंडळ स्थापण्याचे ठरवले. तेव्हा या जोडगावात चाळीस हजारांच्या आसपास वस्ती होती. लक्ष्य ठरले ते शतकाच्या अखेरीस तीन लाखांचे!

आकडा ऐकून आपण हसाल. पण आकड्यापेक्षा पद्धत पाहण्याजोगी होती. महामंडळाने प्रथम केले काय? जमीन घेतली. गावाबाहेरचे गायरान आज स्वस्त असते. उद्या तिथे शहर होणार ही बातमी फुटली की तेच गायरान दसपट दराने विकले जाते, आणि ही दसपट कोणाच्या कष्टाने झालेली नसते. ती रस्त्याने आणि नळाने झालेली असते, आणि रस्ता व नळ लोकांच्या पैशांतून झालेले असतात. म्हणून कायद्याने घोषणेपूर्वीच्या भावाचा पाया धरून महामंडळाने हजारो हेक्टर जमीन ताब्यात घेतली. पुढे वाढीव किमतीला प्लॉट विकून रस्ते, पाणी, झाडे यांचा खर्च भागवावा असा विचार. तर्क सरळ आहे. पण तर्काला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्याच्या वडिलांनी मेंढ्या चारल्या त्या कुरणाचा भाव सरकार ठरवणार, आणि नंतर तेच कुरण प्लॉट पाडून विकणार, हे शेतकऱ्याला कसे रुचावे? सार्वजनिक हिताच्या हिशेबात एका घराचे दुःख नेहमी लहान दिसते. त्या घरात ते लहान नसते.

आणि तीन लाखांचे काय झाले? नाही झाले. १९७४ च्या सुमारास जगभर मंदी आली, परदेशांतून येणाऱ्यांची संख्या घटवली गेली, जन्मदर उतरला. १९७५ साली लोकसंख्येच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला आणि देशाचीच वस्ती अपेक्षेइतकी वाढणार नाही असे दिसू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिटलम यांचे सरकार गेले. पुढच्या सरकारने लक्ष्य निम्म्यावर, दीड लाखांवर आणले. तेही शतकाअखेर गाठले गेले नाही. ज्या माणसांना आणायचे होते ती मुळातच जन्मली नव्हती, किंवा बोटीत बसली नव्हती. मग ती कोणत्या हुकमाने येणार?

याच काळातल्या एका दुसऱ्या गावाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अ‍ॅडलेडच्या पूर्वेस मोनार्टो नावाचे अगदी नवे शहर वसवायचे ठरले होते. जमीन घेतली, आराखडे झाले, झाडेही लावली. पण तिथे मुळात गाव नव्हते, बाजार नव्हता, शेजार नव्हता. १९८० पर्यंत बेत सोडून द्यावा लागला. आज त्या जमिनीवर मोठे मोकळे प्राणिसंग्रहालय आहे. माणसांसाठी आखलेल्या जागेत आज जिराफ हिंडतात. ऑल्बरी-वोडोंगाचे तसे झाले नाही, कारण तिथे आधीच दोन जिवंत गावे होती, लोहमार्ग होता, सैन्याचे तळ होते, कारखाने होते. वाढ ही कलमासारखी असते. खुंट जिवंत असावा लागतो.

म्हणून महामंडळाचा हिशेब केवळ डोक्यांच्या मोजणीने करू नये. आकडा चुकला, पण त्याने राखून ठेवलेली जमीन चुकली नाही. ऑल्बरीच्या बाजूचे थर्गूना आज मोठे उपनगर आहे आणि तिथे विद्यापीठ आहे. महामंडळ हळूहळू आपली जमीन विकत गेले आणि २०१४ च्या अखेरीस त्याचा कारभार आटोपला. २०२१ च्या शिरगणतीत ऑल्बरी नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे छप्पन्न हजार आणि वोडोंगाच्या हद्दीत सुमारे त्रेचाळीस हजार लोक मोजले गेले. म्हणजे जवळजवळ एक लाख. तीन लाखांच्या मानाने हे अपयश खरे. पण चाळीस हजारांच्या गावाच्या मानाने पाहाल तर अडीचपट.

या वस्तीला लागते काय? पहिले पाणी. ते नदीत आहे. गावाच्या वरच्या अंगाला १९३६ साली पुरे झालेले ह्यूम धरण आहे. पण पाणी घेणे सोपे, परत सोडणे अवघड. मरे नदी इथून शेकडो कोस वाहत दक्षिण ऑस्ट्रेलियात जाते आणि अ‍ॅडलेड शहर याच नदीचे पाणी पिते. म्हणजे ऑल्बरीचे न्हाणीघर आणि अ‍ॅडलेडचा माठ एकाच धारेवर आहेत. त्यामुळे गाव मोठे करायचे तर सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था घरांच्या आधी मोठी करावी लागते. आणि गंमत पाहा: ऑल्बरीत पाण्याचा आणि गटाराचा कारभार नगरपालिका पाहते, तर वोडोंगात तेच काम व्हिक्टोरिया सरकारचे जल-महामंडळ करते. घरबांधणीचे कायदे निराळे, बिल्डरकडून रस्ते-बागांसाठी वसूल करायच्या वर्गणीचे नियमही निराळे. रूळ जुळले, पण बाकीचे गेज अजून निरनिराळेच आहेत.

अलीकडच्या वर्षांत हा प्रश्न नव्याने तीव्र झाला आहे. २०२० नंतर मोठ्या शहरांतली पुष्कळ कुटुंबे लहान गावांकडे वळली. भाडी चढली, रिकामे घर मिळेनासे झाले. ऑल्बरीच्या बाजूला थर्गूना आणि विर्लिंगा, वोडोंगाच्या बाजूला लेनीव्हा आणि बॅरंडूडा इकडे नव्या वसाहतींचे आराखडे आहेत. इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. घर काही महिन्यांत उभे राहते. शाळेला काही वर्षे लागतात. मोठ्या इस्पितळाला दशक लागते. पण पैसा उलट्या क्रमाने येतो. घरासाठी लगेच, कारण घर विकता येते. इस्पितळासाठी शेवटी, कारण ते विकता येत नाही. ही दरी भरून काढणे यालाच नगररचना म्हणावयाचे. नकाशावर रंग भरणे ही नगररचना नव्हे.

इस्पितळाचेच पाहा. २००९ साली दोन्ही काठांच्या सार्वजनिक इस्पितळांचा कारभार एकत्र झाला आणि तो व्हिक्टोरियाकडे सोपवला गेला. सरहद्दीवरून असा आरोग्याचा संसार मांडणे ही त्या देशात नवलाची गोष्ट होती. २०२२ साली दोन्ही राज्यांनी ५५ कोटी ८० लाख डॉलर खर्चून ऑल्बरीतल्या जुन्या जागीच मोठे इस्पितळ करण्याचे जाहीर केले. लगेच वाद उठला. अनेक डॉक्टरांचे आणि नागरिकांचे म्हणणे असे, की जुनी जागा अपुरी आहे, मोकळ्या जागेवर पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करून नवे बांधा. सरकार म्हणते पैशाला मर्यादा आहे. कोण बरोबर हे मी इथे बसून सांगू नये. पण १८८३ चे रूळ आठवा: आज जिथे रुंदी ठरते, तिथे नातवंडांचा प्रवास ठरतो.

शेवटी २०२० सालची एक आठवण. करोनाच्या साथीत ८ जुलै रोजी न्यू साउथ वेल्सने आपली सरहद्द बंद केली. १९१९ च्या इन्फ्लुएंझानंतर असे प्रथमच घडत होते. पुलावर पोलिस उभे राहिले. घर एका काठी आणि नोकरी दुसऱ्या काठी, मूल इकडच्या शाळेत आणि आजी तिकडे, अशी हजारो माणसे परवान्यासाठी रांगेत तिष्ठली. सरहद्द पुन्हा उघडली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. त्या साडेचार महिन्यांत एक गोष्ट सिद्ध झाली. आराखड्यातले तीन लाख जमले नाहीत. पण जे लाखभर जमले, ते दोन गावांचे लोक उरले नव्हते. ते एका शहराचे झाले होते. कायद्याला ते कळले नव्हते, पुलावरच्या रांगेला कळले होते.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. शहर कोण वाढवते? माणसे वाढवतात, आणि ती आपल्या गरजेने येतात, कोणाच्या आकड्याने नव्हे. पण आलेल्या माणसांचे नागरिक करायचे की नुसते भाडेकरू, हे मात्र आधी घेतलेल्या जमिनीवर, आधी घातलेल्या नळांवर आणि वेळेवर बांधलेल्या इस्पितळावर ठरते. आकडा चुकला तरी चालेल; क्रम चुकता कामा नये. आपल्या गावाच्या कडेला नवी कॉलनी उठताना दिसली, की तिची घरे मोजण्याआधी तिचे गटार कुठे जाते ते विचारा. ऑल्बरी-वोडोंगाने पन्नास वर्षे खर्चून शिकलेला धडा आपल्याला एका संध्याकाळी मिळाला, तर ही संध्याकाळ वाया गेली असे मी म्हणणार नाही.