लेकराच्या पोटाला काय सोसत नाही? एकेक करून तपासा

वणीच्या एका वस्तीत आम्ही दीड वर्षाचं लेकरू पाहिलं. तीन आठवडे पातळ जुलाब, पोट फुगलेलं. कुणी म्हणालं दात येत आहेत, कुणी म्हणालं नजर लागली. आईने घाबरून आधी दूध बंद केलं, मग वरण, मग अंडं. लेकरू पेज आणि बिस्किटावर आलं. जुलाब थांबले नाहीत, वजन मात्र घटलं. चूक त्या माउलीची नव्हती. तिला कुणी रीत सांगितलीच नव्हती.

जुलाब 14 दिवसांपेक्षा जास्त टिकले तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, संडास तपासून घ्या. दूषित पाणी आणि जंत यांनीही पोट बिघडतं. ओआरएस द्या, झिंकच्या गोळ्या सांगितलेले सगळे दिवस द्या. बाटलीबंद सरबत आणि गोड पेयांनीही जुलाब वाढतात, ती थांबवा.

मग वही घ्या. आठवडाभर लिहा: काय खाल्लं, किती वाजता, जुलाब कधी झाले, उलटी किंवा पुरळ आली का. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या.

वहीवरून काय कळतं?

दूध: मोठ्या जुलाबानंतर आतड्याचं अस्तर खरवडतं आणि दुधातली साखर काही आठवडे पचत नाही. आंबट वासाचे, फेसाळ जुलाब होतात, ढुंगण लाल होतं. अशा लेकराला दही बहुधा सोसतं. अंगावरचं दूध मात्र बंद करू नका. दुधाने संडासात रक्त किंवा अंगावर पुरळ येत असेल तर ती ॲलर्जी असू शकते, मग दहीही चालत नाही. डॉक्टरांना दाखवा.

गहू: पोट मोठं, हातपाय काडीसारखे, रक्त कमी, असं दिसलं तर गव्हाची तपासणी मागा. रक्त तपासण्याआधी पोळी बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसत नाही. आजार निघालाच तर आपली ज्वारीची भाकर आहे. फक्त चक्कीत गव्हाचं पीठ मिसळू देऊ नका.

संशय आला तर डॉक्टरांना विचारून एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करा. बदल्यात दुसरं पोषक द्या. मग थोडा देऊन पाहा. त्रास परत आला तर कारण सापडलं. नाही आला तर तो पदार्थ पुन्हा सुरू करा. पण कधी ओठ सुजले किंवा दम लागला असेल, तर घरी देऊन पाहू नका.

रक्त पडलं, डोळे खोल गेले, लेकरू सुस्त झालं, पाणी पीत नसेल, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी दवाखाना गाठा. गरज पडली तर 108 ला फोन करा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे.

त्या लेकराच्या वहीत दर वेळी दुधाच्या कपानंतरच जुलाब होते. दूध तेवढं थांबवलं. वरण, अंडं, दही परत आलं. जुलाब थांबले, वजन वाढू लागलं. महिन्याभराने दूधही सोसलं.

आपल्या ताटात आधीच मोजकं असतं, मायबहिणींनो. त्यातलं काही लेकरापासून काढायचं, तर तपासूनच काढा.