वजाबाकी कुठून आली?

बालदोस्तांनो, हे वाक्य वाचा बरं : 'हजेरी झाली, फळ्यावर तारीख लिहिली आणि वजाबाकीचे हिशेब सुरू झाले.' अगदी आपलं मराठी वाक्य, नाही का? पण गंमत अशी, की त्यातले हजेरी, तारीख, वजा, बाकी आणि हिशेब हे पाचही शब्द मूळचे अरबी आहेत!

अरबस्तान कुठे आणि आपला महाराष्ट्र कुठे! मग हे शब्द आले कसे? १३४७ साली दख्खनमध्ये बहमनी राज्य सुरू झाले. दरबाराची भाषा होती फारसी, आणि फारसीच्या पोतडीत अरबी शब्द आधीच भरलेले होते. कारभाराच्या कागदांतून ते गावोगाव पोचले.

वाटेत काहींचे अर्थही बदलले. आपला 'जिल्हा' ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचा अर्थ बरगडी किंवा बाजू. 'गरीब' म्हणजे अरबीत परका माणूस!

१६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. स्वराज्याचा कारभार आपल्या भाषेत चालावा, म्हणून महाराजांनी रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. मंत्री आणि सचिव हे शब्द आजही आपल्या राज्यकारभारात आहेत. पण वकील, जिल्हा, तालुका मात्र जागचे हलले नाहीत. लोकांच्या तोंडी ते पक्के बसले होते ना!

बरं का, उलटा प्रवासही झाला. आपली 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर'. अरबांनी ऊस स्पेनपर्यंत नेला, म्हणून तिथे साखरेला 'अझूकार' म्हणतात. आपल्या शून्याला अरबांनी 'सिफ्र', म्हणजे रिकामे, असे नाव दिले. इंग्रजीतला 'झीरो' त्यावरूनच आला. युरोपात ज्या अंकांना अरबी अंक म्हणतात, ते मूळचे भारतातले. अरब मात्र आपल्या अंकांना हिंदी म्हणतात!

मग हे शब्द आपले की परके? कारभाराला स्वतःची भाषा देणे हे मोठेच काम. पण आजी बाजारातून येऊन 'बाकी किती उरली?' विचारते, तेव्हा ती मराठीच बोलत असते. समजा, सगळे अरबी शब्द मराठीतून वजा करायचे ठरवले, तर किती शब्द उरतील? हे गणित मांडताच येणार नाही. कारण 'वजा' आणि 'बाकी' हेच शब्द आधी जातील!

आता तुमचा गृहपाठ. घरातल्या एखाद्या जुन्या कागदावरचे दहा शब्द वहीत उतरवा. मोठ्या शब्दकोशात शब्दाची मूळ भाषा दिलेली असते. तुमचे कुठले शब्द किती लांबून चालत आलेत, ते शोधा पाहू!