तोळ्याचे पंचवीस किलो

10 जून 2023, इटलीतलं मुजेल्लो. दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बिंडर केटीएमच्या शर्यतीच्या मोटारसायकलवर पोटाशी टाकी धरून झोपलाय आणि वेग नोंदला जातो: ताशी 366.1 किलोमीटर! सेकंदाला जवळपास 102 मीटर. मुंबई लोकलचे पाच डबे, एका सेकंदात. बारा डब्यांची अख्खी गाडी अडीच सेकंदांत मागे. या वेगाने मुंबई सोडली, तर पंचविसाव्या मिनिटाला पुणे. डेक्कन क्वीनला तोवर कल्याणही आलेलं नसेल.

वेगाचं कौतुक मात्र इथेच पुरे. आपल्याला बघायची आहे थरथर.

चाकापासून सुरू करू. या वेगाला पुढचं चाक सेकंदाला 53 वेळा फिरतं. आता रिमवर एका जागी फक्त एक तोळा, सोनाराचा आजचा 10 ग्रॅमचा तोळा, जास्तीचा राहिला असं समजा. तो किती जोराने बाहेर ओढतो? 25 किलोच्या! तांदळाची एक गोणी, सेकंदाला 53 वेळा, कधी वर, कधी खाली. म्हणूनच चाकांचं बॅलन्सिंग करणारा मेकॅनिक एकेक ग्रॅम सोनारासारखा तोलतो.

खाली इंजिन आहेच. मिनिटाला 18,000 फेरे धरले, तर चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला 600 स्फोट. पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो, तेव्हा पाव किलोची वस्तू दोन टनांहून जड होते. पाव किलो! बाजारात तेवढ्याच मिरच्या घेतो आपण. मुजेल्लोची शर्यत 23 फेऱ्यांची, 120 किलोमीटरची, म्हणजे मुंबई-पुण्याहूनही कमी. तेवढ्यात स्फोट दहा लाखांहून जास्त.

आता वळणावर या. गाडी 60 अंशांत कललेली, स्वाराचं कोपर जमिनीला घासतंय. गाडी, स्वार, पेट्रोल मिळून 240 किलो धरू. या कलात टायरवरचा भार बरोबर दुप्पट होतो: 480 किलो, सिमेंटच्या जवळजवळ दहा गोण्या, आणि त्या पेलायला रबराचे तळहाताएवढे दोन तुकडे. शॉकअप तर आडवे झालेले. रस्त्याचा खड्डा येतो खालून, ते दबतात भलत्याच दिशेला. मग चॅसीनेच थोडं लवावं लागतं. फार कडक चॅसी इथे चालत नाही! नाहीतर सुरू होतो 'चॅटर': टायर सेकंदाला साधारण 20 वेळा उड्या मारतो. ताशी 180 ला दर अडीच मीटरला एक उडी. मुंबई-पुणे असं गेलात तर साठ हजार उड्या, आणि प्रत्येक उडीत पकड क्षणभर सुटलेली.

आणि आता सगळ्यात भयंकर भाग, मुजेल्लोच्याच सरळ पट्ट्यावरचा. शेवटाकडे तिथे उंचवटा आहे. पुढचं चाक हलकं होतं, हँडल डावी-उजवीकडे फडफडू लागतं, सेकंदाला सहा ते दहा वेळा. माणसाला दचकून काही करायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात क्रिकेटची अख्खी खेळपट्टी मागे पडलेली! त्यात ही फडफड डिस्कला हलवते, डिस्क ब्रेकच्या पॅडना मागे ढकलते. स्वार लिव्हर दाबतो आणि ती मोकळीच आत येते.

थांबवायचं किती आहे? दहा मीटर खोल विहिरीतून पंधरा लिटरच्या सुमारे 840 बादल्या ओढायला लागेल तेवढी ऊर्जा. पाण्याचा अख्खा टँकर! (विजेच्या मीटरवर हीच ऊर्जा एक तृतीयांश युनिट, जेमतेम तीन-चार रुपयांची. मीटरला कशाचंच काही वाटत नाही.) या ऊर्जेतली बहुतेक सगळी पहिल्या वळणाआधीच्या काही सेकंदांत ब्रेकमध्ये जिरवायची. म्हणून अनुभवी स्वार उंचवटा ओलांडताच लिव्हरला आधी एक हलकी टिचकी देतो, पॅड परत जागेवर आणतो आणि मगच खरा ब्रेक दाबतो. टिचकीला सेकंदाचा दहावा हिस्सा जरी लागला, तरी लोकलचा अर्धा डबा गेलेला असतो.