उणे दोन माकडे

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत जुनी खतावणी उघडली, की एका बाजूला जमा आणि दुसऱ्या बाजूला नावे. उचल घेतलेल्या शेतकऱ्याला उणे आकडा शिकवावा लागत नाही. गणितज्ञांना मात्र तो पचवायला हजाराहून जास्त वर्षे लागली.

ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये संख्यांना धन आणि ऋण ही व्यवहारातलीच नावे दिली. ऋणाला ऋणाने गुणले की धन, हा नियमही त्याचाच. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ऋण संख्येला वर्गमूळ नसते, असे सांगितले. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. निपाणी-बेळगावचा हा मुलूखही तेव्हा त्याच राज्यात होता.

खरी गंमत बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांची. ऋण संख्येच्या डोक्यावर ते टिंब देत. त्यांच्या 'बीजगणिता'त एक कोडे आहे: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर दिसले. एकूण किती? समीकरण दोन उत्तरे देते, ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. वर्ग चार, अधिक फांदीवरचे एक. हिशेब चोख जुळतो! तरीही त्यांनी ५ नाकारले, कारण असले ऋण लोकांना पटत नाही.

युरोप याहून हट्टी. १८३१ मध्ये गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी विचारले: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९चा, बापाचे वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? उत्तर आले उणे दोन. त्यांना ते निरर्थक वाटले. दोन वर्षांपूर्वी बाप ५४चा होता आणि मुलगा २७चा.