धड्याच्या कडेचा चौकोन

बालभारतीचं अलीकडचं कुठलंही पुस्तक उघडा. धड्याच्या कडेला एक चौकोन दिसेल. आत जुन्या टीव्हीवर यायच्या तशा काळ्या-पांढऱ्या मुंग्या! त्याच्यावर मोबाइल धरला की त्या धड्याचा व्हिडिओ हजर. मुलांना याचं काहीच वाटत नाही. पण मला सांगा, पानावर चित्रं, नकाशे, तक्ते असं सगळं असताना नेमकं इथेच बघायचं, हे मोबाइलला कळतं कसं?

त्यासाठी 1994 सालच्या जपानमध्ये जायला हवं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा बारकोडला वैतागले होते. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड वाचत बसावं लागे. 'गो' या खेळाचा पट, त्यावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या बघून त्यांना सुचलं, की माहिती आडवीच का लिहायची? उभीही लिहू की! त्यातूनच हा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, जन्मला.

आता कोपऱ्यांतले ते तीन ठळक चौकोन बघा. त्यांच्या मध्यातून कुठूनही रेघ मारा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. सरळ, तिरकं, उलटं, कसंही! हे प्रमाण आलं कुठून? हारांच्या चमूने वर्तमानपत्रं, मासिकं, पत्रकं चाळून छापील कागदावर सर्वांत कमी आढळणारं प्रमाण हुडकून काढलं. जत्रेतल्या गर्दीत पोर सापडावं म्हणून त्याला कुणाकडेच नसलेली टोपी घालावी, तसं. आणि चौथा कोपरा रिकामा का? वर कुठे, खाली कुठे, हे कळावं म्हणून.

पुढची गंमत तर मला अजून पचलेली नाही. चौकोनावर शाई सांडली तरी तो वाचता येतो. सर्वांत भक्कम प्रकारात तर जवळजवळ 30 टक्के माहिती पुसली गेली तरी चालतं! ही करामत रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांची, 1960 सालची. कागदावर सरळ रेषेत पाच ठिपके काढा. तीन खोडा. उरलेल्या दोनांवरून रेषा पुन्हा आखता येते ना? तत्त्व तेच, गणित जरा तिखट.

हा कारखान्यातला चौकोन शाळेच्या पुस्तकात आणणाऱ्यांत ठळक नाव रणजितसिंह डिसले यांचं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते गुरुजी होते. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकलं!

आता एक हिशेब करू. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडात 2,953 बाइट मावतात. देवनागरीतलं एकेक चिन्ह सहसा तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. म्हणजे हजारही चिन्हं नाहीत. पुस्तकाचं एक भरगच्च पान मावणार नाही, मग व्हिडिओ कुठला? आणि धड्याशेजारचा चौकोन तर त्याहून कितीतरी लहान.

तेव्हा चौकोनात धडा नसतोच. असतो फक्त पत्ता. म्हणून तर तो एवढासा, आणि छापायला जवळजवळ फुकट. पुस्तक न बदलता व्हिडिओ नवा करता येतो. पण पत्त्यावरचं घरच हललं तर? छापील कविता पन्नास वर्षांनीही वाचता येते. चौकोनाला रेंज लागते, चार्जिंग लागतं, पलीकडचा सर्व्हर जागा लागतो. शिवाय ज्या मोबाइलवर धडा उघडतो, त्याच्यावरच गेमही उघडतो. वर्गात गुरुजींच्या हातातला एक मोबाइल मला पुरेसा वाटतो, चाळीस नकोत.

आणि घरी? मोबाइल एकच, तो सकाळीच बाबांच्या खिशातून शेतावर गेलेला. चौकोन दप्तरात आहे, थोडा मळलेला, तरी वाचता येण्याजोगा. वाचणारा डोळा तेवढा दिवेलागणीला परतणार.