रंगमंचावरील यांत्रिक नाद व त्याचें नियमन
भंडारा जिल्ह्यांतील झाडीपट्टीच्या नाटकांत रात्रभर पदें रंगतात. साथीला ऑर्गन-तबल्याबरोबर आतां ऑक्टोपॅडही असतो. या साथीला गिटार जोडावयाची, तर अवजड ध्वनिवर्धकाचा नाद गणितानें उभा करणारें ‘ॲम्प मॉडेलर’ सोयीचें होय. परंतु प्रयोग चालूं असतां संपूर्ण ध्वनिरचना बदलल्यास कित्येक यंत्रांत नाद क्षणभर तुटतो व गायकाची तान उघडी पडते. यास्तव एकाच रचनेंत निरनिराळे ‘सीन’ आधीं बसवून ते पायानें बदलावे. मंद आवाजांत कानाला खर्ज कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें. म्हणूनच घरीं भरदार वाटलेला नाद मंडपांत घुमतो व पदांचे शब्द गिळतो. तेव्हां खर्जाची जुळणी मंडपांतील आवाजावरच करावी. प्रयोगांत केवळ आवाज कमीजास्त करावा.