छपरावर चढणारा माणूस

घरातील फरशी वाकडी बसली तर पायाला कळते. भिंत तिरपी उभी राहिली तर डोळ्याला खुपते. छपराचे तसे नाही. ज्याच्याखाली आपण आयुष्य काढतो, त्याची वरची बाजू आपण क्वचितच पाहतो. आणि तेथे कोणी काय करून ठेवले आहे याचा निवाडा मृगाचा पहिला जोरदार पाऊस देतो. तोवर कंत्राटदार पैसे मोजून घेऊन दुसऱ्या गावी गेलेला असतो. यास्तव छपराच्या बाबतीत परीक्षा करावयाची ती काम संपल्यावर कामाची नव्हे, तर काम सुरू होण्यापूर्वी माणसाची. ती कशी करावी हे मी थोडे अनुभवाने आणि पुष्कळसे त्यानंतरच्या चौकशीने शिकलो. अनुभव अगोदर सांगतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आले. दापोली तालुक्यातील आमच्या जुन्या घराचे पश्चिमेकडचे पाखे त्या दिवशी उघडे पडले आणि गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे जागोजाग तडकले. टाळेबंदीचे दिवस; मजूर आपापल्या मुलखाला गेलेले, पत्रे मिळेनासे झालेले, आणि पाऊस तर दारात. अशा वेळी एक गृहस्थ टेम्पोत पत्रे घालून अंगणात येऊन उभे राहिले. आम्हांला ते देवाने धाडल्यासारखेच वाटले. गाव कोणते, पूर्वी कोठे काम केले, बरोबरची माणसे कोण, यांपैकी काहीही न विचारता आम्ही फक्त भाव विचारला आणि निम्मे पैसे तेथल्या तेथे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याबरोबरचा विशीतला एक मुलगा घराच्या पाख्यावर जाण्यासाठी गोठ्याच्या पत्र्यावरून चालत निघाला. पत्रा मधोमध फुटला आणि तो खाली दगडी गव्हाणीवर आदळला. कमरेचे हाड मोडले. रुग्णालयात नोंद करणाऱ्या बाईंनी नाव विचारले, तेव्हा कंत्राटदाराला ‘छोटू’ यापलीकडे काही सांगता येईना. मुलगा वेदनेने बोलण्याच्या स्थितीत नव्हता. त्याच्या घरी कळवावयाचे कोणाला आणि कोठे, हे रात्रीपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. तो वाचला, पुढे काठी घेऊन चालू लागला, एवढे कानावर आले. कंत्राटदार मात्र तिसऱ्या दिवसापासून दिसला नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याला निवडले होते आम्हीच.

मग मी चौकशीला लागलो. पहिला प्रश्न साहजिकच हा, की अशा माणसाजवळ सरकारी परवाना असावयास नको काय? उत्तर ऐकून आश्चर्य वाटले. घरात विजेची जोडणी करावयाची तर कंत्राटदाराला राज्य सरकारचा परवाना लागतो. पुष्कळ महानगरपालिका नळकाम करणाऱ्यालाही परवाना देतात. पण खाजगी घराचे छप्पर घालणाऱ्याला त्या कसबाचा असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात छपराच्या कामासाठी परवान्याचा स्वतंत्र वर्ग आहे आणि घरमालकाला परवान्याचा क्रमांक पडताळून पाहता येतो. आपल्याकडे ‘लायसन्स आहे’ असे कोणी म्हटले, तर ते कशाचे, असा दुसरा प्रश्न लगेच विचारावा. सार्वजनिक बांधकाम खात्याकडील नोंदणी असेल, तर ती सरकारी कामे घेण्यासाठी असते आणि तिची प्रत मागता येते. बहुतेक वेळा दाखविला जातो तो दुकानाचा गुमास्ता किंवा उद्यम नोंदणीचा कागद. उद्यम नोंदणी ही १ जुलै २०२० पासून सुरू झालेली, उद्योजकाने स्वतःच्या निवेदनावर करावयाची नोंद आहे. धंदा अस्तित्वात आहे एवढे तिच्यावरून कळते. वासा कसा जोडतात ते या माणसाला कळते की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

त्यातल्या त्यात उपयोगी पडतो तो जीएसटी क्रमांक. पंधरा अक्षर-अंकांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, मध्य प्रदेशाचे २३, गुजरातचे २४. पुढची दहा स्थाने त्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या पॅन क्रमांकाची. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक घातला, की नोंदलेले नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही फुकट पाहता येते. पावतीवर एक नाव आणि नोंदीत दुसरे, असे दिसले तर तेथेच थांबावे. तथापि क्रमांक नाही म्हणून माणूस लबाड, असेही समजू नये. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर सामान्यतः त्याला ही नोंदणी करावी लागत नाही, आणि खेड्यातील कित्येक उत्तम सुतार त्या मर्यादेच्या फार खाली असतात.

मजुरांच्या सुरक्षिततेचा कायदा काही नाही असे नव्हे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केलेला कायदा होता. आता त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु त्या संहितेतील बांधकामाच्या व्याख्येतून दहांहून कमी कामगारांचे काम वगळले आहे, आणि स्वतः राहावयाच्या घराचे पन्नास लाखांपर्यंतचे कामही वगळले आहे. आमच्यासारख्याच्या घरावर चार माणसे चढतात. म्हणजे त्या बांधकामासाठी घालून दिलेली तपासणी आमच्या अंगणापर्यंत येतच नाही. तेथे पाहणारा कोणी असेल तर तो घराचा मालक.

त्याने काय पाहावे? कंत्राटदाराला ‘तुमच्याकडे अपघात झाले आहेत काय?’ असे विचारले, तर कोण हो म्हणणार? आडवळणाने विचारावे लागते. सिमेंटच्या पत्र्यावर माणूस कसा चढवता, असे विचारावे. हा पत्रा पाऊस आणि वारा झेलण्यासाठी असतो. माणसाच्या वजनाचा भरवसा त्यावर धरता येत नाही, आणि वर्षानुवर्षे उन्हापावसात राहिलेल्या पत्र्यावर तर मुळीच नाही. वरून शेवाळ धरलेला, एकसंध दिसणारा पत्रा आतून तडकलेला असू शकतो. जाणता माणूस सांगतो, की आम्ही आडव्या दांड्यांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकतो आणि फळीवरूनच सरकतो. ‘आमची पोरं सवयीची आहेत’ हे ज्याचे उत्तर असेल, त्याला नम्रपणे चहा देऊन निरोप द्यावा.

कमरेच्या पट्ट्याचेही असेच. हल्ली पट्टा पुष्कळांच्या अंगावर दिसतो. पण त्याचा दोर कशाला बांधलेला आहे हे पाहिले, तर अनेकदा तो खांद्यावरून जानव्यासारखा लोंबत असतो. पडणाऱ्याला पट्टा वाचवीत नाही, पट्ट्याचा दोर ज्या भक्कम तुळईला बांधला असेल ती वाचवते. म्हणून दोर कोठे बांधणार, हा प्रश्न कामापूर्वी विचारावा आणि जागा दाखवावयास सांगावी. शिडी छपराच्या कडेपेक्षा सुमारे तीन फूट वर निघते काय, वर आणि खाली ती बांधतात काय, हे पहिल्या सकाळीच दिसते. जुने सिमेंटचे पत्रे काढावयाचे असतील, तर आणखी एक प्रश्न. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि पत्रा फोडला, सुका कापला, म्हणजे ते धुळीबरोबर फुप्फुसात जातात. पत्रे ओले करून, शक्य तो अखंड उतरविणारा कंत्राटदार वेळ अधिक घेतो. तो वेळ त्याला द्यावा.

आता कसबाविषयी. कंत्राटदार आपल्या मोबाइलवर नव्या कोऱ्या निळ्या-तांबड्या छपरांची छायाचित्रे दाखवितो. नवे छप्पर सगळेच चांगले दिसते. आपण मागावयाची ती दोन पावसाळे खाल्लेली छपरे, आणि त्या घरच्या बाईंशी बोलावयाचे. गळती कोठे आहे, भांडी कोठे ठेवावी लागतात, तक्रार केल्यावर माणूस आला की फोन उचलीनासा झाला, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही.

एकदोन प्रश्न शास्त्राचेही आहेत. मंगळुरी कौल एका चौरस मीटरला सुमारे पंधरा लागते आणि दर कौलाचे वजन दोन किलोंच्या वर असते. म्हणजे जुने छप्पर आपल्या वजनानेच बरेचसे जागेवर बसलेले असे. कौले काढून पत्रे घातले की छप्पर हलके होते आणि वाऱ्याला ते उचलणे सोपे जाते. वारा छपराला नुसता ढकलत नाही, वरून ओढतोही. ही ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सर्वांत अधिक असते. तेव्हा ‘कडेला स्क्रू किती अंतरावर मारणार?’ आणि ‘वासे भिंतीला कशाने बांधणार?’ हे विचारावे. कडेला अधिक, मध्ये थोडे कमी, असे जो न सांगता सांगतो त्याला वारा ठाऊक आहे. पत्र्यावर पत्रा चढतो ती बाजू वाऱ्याकडे तोंड करून ठेवावयाची नसते, म्हणून मांडणी वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरू करतात. आणि नालीदार सिमेंट पत्र्याला भोक पाडावयाचे ते उंचवट्यावर, पाणी वाहते त्या खोलगट भागात नव्हे. हे विचारण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. उत्तर देताना समोरचा माणूस हातवारे करून समजावू लागतो की चिडतो, एवढे पाहिले तरी पुरे.

इंदूर, बडोदे किंवा दिल्लीसारख्या शहरांतील श्रोत्यांना पत्र्याऐवजी गच्चीची चिंता असते. तेथे दहा वर्षांची हमी छापील कागदावर सहज मिळते. हमी देणाऱ्याचा धंदा तरी दहा वर्षे जुना आहे काय, एवढेच त्यावर विचारावे, आणि काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस ठेवण्याची अट कागदात घालावी.

कागद हा हवाच. किती ब्रास काम, पत्र्याची जाडी किती मिलिमीटर, मार्का कोणता, जुने सामान कोणाचे, हे एका पानावर मावते. पैसे हप्त्यांनी द्यावेत आणि शेवटचा हप्ता एक चांगला पाऊस होईपर्यंत राखून ठेवावा. प्रामाणिक माणूस यास सहसा नाही म्हणत नाही. पक्की पावती घेतलेली असेल, तर काम बिघडल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. आणि त्याच पानावर वर चढणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, गाव आणि घरचा फोन. मजुरांसाठी भरपाईचा विमा उतरविला आहे काय, हे विचारून त्याची प्रत पाहावी. कामगार पडला तर भरपाई देण्याचे दायित्व प्रथम त्याच्या मालकावर, म्हणजे कंत्राटदारावर येते. पण ज्याच्याजवळ विमा नाही आणि पत्ताही नाही, त्याच्याकडून ती वसूल कोण करणार? लहान कंत्राटदाराला मोठा विमा परवडत नाही, हे खरे. निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी आहे: बँकेत खाते असलेल्या अठरा ते सत्तर वर्षांच्या माणसाला वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूचे दोन लाखांचे संरक्षण मिळते. तो मुलगा आमच्याकडे आला त्या साली हा हप्ता बारा रुपये होता.

उरलेले काम आम्ही पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या माणसाकडून करून घेतले. हे गृहस्थ साठीचे, जवळच्याच गावचे. भाव त्यांनी शेवटी सांगितला. अगोदर बॅटरी घेऊन माळ्यावर गेले, वासे ठोकून पाहिले, तीन कुजलेले निघाले ते खडूने खुणावले. गोठ्यापाशी येऊन त्यांनी फुटलेल्या पत्र्याकडे वर पाहिले, आणि काय झाले होते ते मी सांगण्यापूर्वीच विचारले, ‘पोरगा वाचला ना?’ मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा लावून चार नावे स्वतः लिहिली. चौथे त्यांच्या मुलाचे होते. प्रत्येकासमोर घरचा फोन लिहून तो कागद त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटविला आणि घरातल्या मंडळींना सांगितले, की काम संपेपर्यंत हा येथून काढू नका.